फळ्यावरचं वजन

नव्या माणसाला आठव्या दिवशी नाव पडलं. चहाच्या सुट्टीत त्याच्या हातातून बशी निसटली, फुटली, आणि हा पठ्ठ्या कप तसाच धरून खाली बघत राहिला. एवढंच झालं. सगळे ज्याला बगळा म्हणत तो लांबुडका कामगार म्हणाला, बशी. सगळे हसले, नवा माणूसही हसला, आणि सुट्टी संपायच्या आत दाराजवळच्या काळ्या फळ्यावर खडूने लिहूनही झालं : बशी, त्र्याऐंशी किलो. आपला गृहस्थ हे सगळं आपल्या टेबलापाशी उभा राहून पाहत होता. चेहऱ्यावर त्याने हसू आणलं होतं, पण चहा अर्धा टाकून तो मनात दिवस मोजू लागला. आठ दिवस. म्हणजे मध्ये एक रविवार धरला तर सातच. आणि गृहस्थाला या परदेशात, या कारखान्यात, याच टेबलापाशी तीन वर्षं होऊन गेली होती.

कारखाना वजनकाट्यांचा. काटे इथे बनत नव्हते, तपासले जात होते. दुकानांतले, गोदामांतले, दवाखान्यांतले काटे यायचे, खरं बोलतात की खोटं ते बघायचं, खोटं बोलत असतील तर सुधारायचं, शिक्का मारायचा, दाखला द्यायचा आणि परत पाठवायचं. मोठ्या, जमिनीवर ठेवायच्या चौकोनी काट्यांसाठी वीस-वीस किलोचे लोखंडी ठोकळे होते. पण प्रत्येक वेळी ठोकळे ओढत आणायचे म्हणजे कमरेचं काम तमाम, म्हणून त्या लोकांनी आपली एक रीत पाडली होती. पहिली ढोबळ तपासणी माणसाने करायची. ज्याचं वजन ठाऊक आहे असा कोणीतरी काट्यावर उभा राहायचा, मग चारही कोपऱ्यांवर एकेकदा उभा राहायचा, आकडा हलला नाही की काटा बरा आहे असं समजून मग ठोकळे आणायचे. त्यासाठी तो फळा. दर सोमवारी सकाळी सगळे आपापलं वजन करून फळ्यावर मांडत आणि त्यावरून अर्धा तास नुसता दंगा चाले. फोरमनचं नाव अर्धा टन, एकशे अठरा किलो. बगळा एकसष्ट, उंची मात्र दारात वाकायला लावणारी. दाखले लिहिणाऱ्या बाई सगळ्यांचे हात स्वच्छ आहेत का ते बघत, त्यांचं नाव आपल्या भाषेत सांगायचं तर सासूबाई, चोपन्न. आणि आता बशी. फळ्यावर पाचवी ओळ नव्हती. पाचव्या माणसाला सोमवारी सगळे अदबीने शुभ सकाळ म्हणत आणि वाट करून देत.

अदब, हेच तर सगळं दुखणं होतं. एकमेकांशी ही माणसं अरेतुरेवर, टकलावरून, पोटावरून, बायकोच्या माहेरावरून बोलत. बगळ्याने एकदा फोरमनच्या खुर्चीवर "फक्त अवजड मालासाठी" अशी चिठ्ठी चिकटवली होती आणि फोरमन ती पाठीला घेऊन दुपारभर हिंडला होता. आणि आपला गृहस्थ समोर आला की सगळ्यांच्या शर्टाची बटणं आपोआप लागत. त्याला तुम्ही म्हणत. त्याच्या आडनावाला मानाचा शब्द जोडत. तो जवळ आला की चालू असलेला विनोद मध्येच थांबे, आणि मग हवेबद्दल बोलणं सुरू होई. तीन वर्षांत त्या गावच्या हवेबद्दल त्याला जेवढी माहिती झाली होती तेवढी वेधशाळेलाही नसेल.

त्याने प्रयत्न केले नाहीत असं नाही. पहिल्या वर्षी त्याने एक विनोद तयार केला. त्यांच्या भाषेत, चार दिवस खपून, आरशासमोर म्हणून बघून. चहाला सांगितला. सगळे एकदम हसले, एकाच वेळी थांबले आणि फार छान, फार छान म्हणाले. मग त्याच्या लक्षात आलं की विनोद करून भागणार नाही, विनोदाला विषय पुरवायला हवा. म्हणून तो एक दिवस मुद्दाम दहा मिनिटं उशिरा गेला. बगळा उशिरा आला की भिंतीवरच्या घड्याळाला सगळे मिळून नमस्कार घालत. याला फोरमनने बाजूला घेतलं, घरी सगळं ठीक आहे ना विचारलं आणि दोन दिवस रजा घ्या म्हणाला. मग त्याने एक दिवस एका पायात तपकिरी आणि एका पायात निळा मोजा घातला आणि दिवसभर पँट जरा वर ओढून बसला. कोणी काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशी त्याच्या कपाटात एक कागदी पिशवी होती, तीत नव्या मोज्यांचे तीन जोड, वर सासूबाईंच्या अक्षरात एक ओळ : संकोच करू नये. ते मोजे घरी नेले तेव्हा बायको पलंगावर आडवी पडून हसली. ती शेजारच्या रस्त्यावरच्या पाळणाघरात काम करायची आणि तिथे तिला महिन्याभरात नाव पडलं होतं, कुकर, कारण मुलांनी दंगा केला की ती आधी नाकाने शिटी काढते आणि मग बोलते. ते नाव तिने घरी अशा थाटात सांगितलं होतं की जणू तिला पदवी मिळाली. त्याने तेव्हा बरं म्हणून विषय बदलला होता, पण खरं सांगायचं तर तो जळून गेला होता.

आणि वजनाचं म्हणाल तर त्याचं वजन सत्तर होतं. बरोबर सत्तर, ना वर ना खाली. ते असंच झालेलं नव्हतं, राखलेलं होतं. फळा पाहिल्याच्या पहिल्याच आठवड्यात त्याच्या मनाने घेतलं होतं की आज ना उद्या हे लोक आपल्याला बोलावणार, आणि बोलावतील तेव्हा आपला आकडा गोल असावा, सोयीचा असावा, काट्यावर उभं राहिलं की बघणाऱ्याला हिशेब करावा लागू नये. तेव्हापासून रोज सकाळी तो सगळ्यांच्या आधी अर्धा तास येई, कोपऱ्यातल्या काट्यावर उभा राही, आणि शंभर ग्रॅम इकडेतिकडे असले तर दुपारच्या जेवणात एक घास कमी किंवा एक घास जास्त घेई. बायको विचारायची, तुझं वजन हवंय कोणाला? तो म्हणायचा, सवय असते माणसाला. तीन वर्षं एखाद्या नवरीसारखा तो तयार होऊन बसला होता आणि बोलावणं काही येत नव्हतं.

घरी, म्हणजे आपल्या घरी, मूळच्या घरी, असं नव्हतं. तिथे चेष्टा हवेत होती. वडील हेडक्लार्क, अर्जाशिवाय त्यांच्याकडे पान हलायचं नाही, शाळेच्या सहलीला जायचं तर मुलांनी वडिलांना रीतसर अर्ज करायचा, विषय लिहायचा, खाली आपला आज्ञाधारक लिहून सही करायची, आणि वडील त्यावर लाल पेनाने मंजूर किंवा नामंजूर लिहून तो जेवणाच्या पाटाखाली ठेवायचे. दादा मोठा, तो या अर्जांची नक्कल करून सगळ्यांना हसवायचा. हा धाकटा, लहानपणी सारखा आजारी, काडीसारखा. एकदा दादाने त्याला धान्याच्या दुकानात नेलं, तिथल्या मोठ्या तागडीच्या एका पारड्यात बसवलं, आणि दुसऱ्या पारड्यात दुकानदाराने अर्धं पोतं साखर ठेवली. हा सर्रकन वर गेला, अधांतरी. खाली सगळी गल्ली हसत होती आणि दादा ओरडून सांगत होता की हा आमचा तोळामासा, सोन्याचा भाव लावा याला. तोळामासाचा पुढे तोळ्या झाला. घरात, शाळेत, लग्नाच्या मांडवातसुद्धा तोळ्या. त्या पारड्यात वर लटकताना त्याला भीती वाटली होती का? आठवत नव्हतं. आठवत होतं ते हे की तो स्वतः सगळ्यात जास्त हसत होता.

आता दादाही बदलला होता, हे याहून वाईट. रविवारी फोन व्हायचा. दादा जावयाशी बोलावं तसा बोलायचा. काय म्हणताय, बरे आहात ना सगळे, तब्येतीला जपा. तोळ्या हा शब्द गेली अडीच वर्षं त्याच्या कानावर पडला नव्हता. गृहस्थाला वाटायचं, अंतराने होत असेल असं. परदेशी गेलेला माणूस घरच्यांना पाहुणा वाटू लागतो, त्याला कोण काय करणार? असं म्हणून तो फोन ठेवायचा आणि तासभर कोणाशी बोलायचा नाही. इकडे तुम्ही, तिकडेही तुम्ही. सबंध पृथ्वीवर त्याला नावं ठेवायला एक बायको तेवढी उरली होती.

बशी फळ्यावर चढला त्याच्या पुढल्या गुरुवारची गोष्ट. पार्सल कचेरीचा एक मोठा काटा दुपारी पाठवायचा होता आणि बाहेर ट्रकवाला हॉर्न वाजवत होता. गृहस्थ एक-एक किलोची दोन पितळी वजनं कपाटात ठेवायला निघाला होता. ही वजनं म्हणजे तिथला देव्हाराच. उघड्या हाताने शिवायचं नाही, बोटाच्या घामानेही वजन वाढतं, हातमोज्यांशिवाय धरायचं नाही, पेटीबाहेर ठेवायचं नाही. हा तर त्या बाबतीत इतका कडक की सासूबाईंनीही कधी त्याचे हात तपासले नव्हते. पण कपाटाचं दार जड, दोन्ही हातांशिवाय उघडत नसे, आणि पेटी होती पलीकडच्या टेबलावर. म्हणून त्याने तीन वर्षांत एकदाही न केलेली गोष्ट केली. क्षणभर, अगदी दार उघडेपर्यंत, दोन्ही वजनं एप्रनच्या पुढच्या मोठ्या खिशात टाकली. आणि तेवढ्यात पाठमोऱ्या फोरमनचा आवाज आला, जो जवळ असेल त्याने काट्यावर उभं राहा रे, लवकर.

जवळ तोच होता.

दार उघडायचं राहिलं, हातमोजे काढून कपाटापाशीच टाकले, तो काट्यापर्यंत कसा पोहोचला ते त्यालाही सांगता आलं नसतं. फोरमन वळला, काट्यावर कोण उभं आहे ते पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला. अहो, तुम्ही कशाला, तुम्हाला नव्हतं म्हटलं, असं तो पुटपुटला. पण आता उतरतो कोण? गृहस्थ हात सरळ, टाचा जुळवून, समोरच्या भिंतीकडे बघत उभा होता. त्याच्या मनात एकच गोष्ट, आता आकडा येईल, सत्तर पूर्णांक शून्य, आणि बगळा शीळ घालेल. बगळ्याने वाकून आकडा वाचला, घसा खाकरला, आणि हळूच म्हणाला, बहात्तर पूर्णांक शून्य.

काटा चुकतोय, गृहस्थ म्हणाला, मी सत्तर आहे.

आता इथे दुसरा कोणी असता तर गोष्ट तिथेच संपली असती. फोरमन काट्यावर असता तर बगळा म्हणाला असता, काल रात्री काय गिळलंस? बगळा असता तर सासूबाई म्हणाल्या असत्या, डोकं धुतलंस वाटतं. पण इथे तिघेही एकमेकांकडे बघू लागले. एखाद्या सभ्य माणसाला तुम्ही दोन किलो वाढलात असं सांगायचं कसं? फोरमन म्हणाला, शक्य आहे, काटा चुकत असेल. चारही कोपरे पाहिले. चारही ठिकाणी बहात्तर. ठोकळे आणले. वीसला वीस, चाळीसला चाळीस, साठला साठ. पुन्हा हा चढला, बहात्तर. लोखंडाशी खरं बोलणारा काटा या एका माणसाशीच खोटं बोलत होता. फोरमनने काटा उलटा केला, आतलं सेन्सर काढून नवं बसवलं, तारा तपासल्या. पुन्हा ठोकळे, बरोबर. पुन्हा हा, बहात्तर. बाहेर ट्रकवाल्याने हॉर्न बंद केला, मग इंजिन बंद केलं, मग डबा उघडला. सासूबाईंनी अगदी मृदू आवाजात सुचवलं की कधीकधी जोड्यांमुळे पडतो फरक. जोडे काढले, एक किलो एकशे ऐंशी ग्रॅम कमी झाले, पण सकाळी सत्तर भरले तेही जोडे काढूनच का, असा पेच निघाला. जोडे घालूनच, तो म्हणाला, रोज घालूनच करतो. रोज? फोरमनने विचारलं. रोज, तो म्हणाला, तीन वर्षं. 

आणि तिथे उभ्या उभ्या त्याला घाम फुटला. काटा बरोबर असेल तर? माणसाला न कळता दोन किलोंचं काहीतरी अंगात येऊन बसत असेल तर? सकाळपासून काय खाल्लं ते त्याने आठवून पाहिलं. मग गेल्या तीन वर्षांत काय काय गिळलं ते आठवू लागला, सगळ्यांच्या हसण्यामागून आलेलं हसू, तासन् तास ऐकलेली हवा, दादाचं बरे आहात ना. पण त्याचं वजन होतं का कुठे? तीन वर्षं ज्या क्षणासाठी तयारी केली तो क्षण आला, आणि त्या क्षणी आपला आकडा चुकला. याला नशीब म्हणतात. आता हे लोक पुन्हा कधीही बोलावणार नाहीत, आणि किती सभ्यपणे बोलावणार नाहीत तेही त्याला आत्ताच दिसत होतं.

तेवढ्यात गोदामातून बशी आला. त्याला तिथे येऊन पंधरा दिवसही झाले नव्हते, आणि या माणसाशी कसं वागायचं ते त्याला कोणी सांगितलेलं नसावं. त्याने काट्याकडे पाहिलं, उघड्या पडलेल्या तारांकडे पाहिलं, मग या माणसाकडे, आणि सरळ पुढे येऊन एप्रनच्या खिशावर दोन बोटांनी टिचकी मारली.

खण, असा आवाज आला.

गृहस्थाने खिशात हात घातला आणि एक वजन काढलं. मग दुसरं. दोन किलो पोटावर लटकत असताना माणसाला कळू नये का, असं कोणी विचारेल. नाही कळलं, खरंच नाही कळलं. तो ती दोन्ही वजनं उघड्या तळहातांवर धरून उभा राहिला, घाम लागत होता तरी. काट्यावरचा आकडा तसाच होता, बहात्तर. कोणी हसलं नाही. बगळ्याने ओठ इतके घट्ट मिटले होते की त्याची मान फुगली होती. सासूबाई भिंतीकडे तोंड करून खांदे हलवत होत्या. फोरमन लालबुंद होऊन छताकडे बघत होता, त्याच्या डोळ्यांत पाणी तरळलं होतं. आणि गृहस्थाच्या लक्षात आलं की ही माणसं हसू दाबतायत, जीव जाईल पण हसणार नाहीत, आपल्यासाठी. मग त्याला पारडं आठवलं की काय कोण जाणे, त्याच्या पोटातून हसू आलं, आधी नाकातून, मग मोठ्याने, मग इतकं की तो काट्यावर खालीच बसला.

मग सगळं फुटलं. बगळा दाराला टेकून खाली घसरला. सासूबाईंनी त्याच्या हातातली वजनं काढून घेतली आणि हात किती घाण आहेत म्हणून एक चापट दिली, ही पहिलीच. ट्रकवाला डबा हातात घेऊन बघायला आला आणि त्याला सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागलं. फोरमन डोळे पुसत आपल्या टेबलाकडे गेला, खालचा खण उघडला आणि एक घडी घातलेला कागद घेऊन आला. गृहस्थाने आपलं अक्षर ओळखलं. विषय, फोरमन मोठ्याने वाचू लागला, चार मिनिटे उशीर झाल्याबद्दल. दीड पान होतं. पहिल्याच आठवड्यात फोरमन त्याला म्हणाला होता, पुन्हा उशीर केलास तर दिवसभर काट्यावर उभा करीन, आणि याने घरी जाऊन, शब्दकोश उघडून, वडिलांनी शिकवलं होतं तसा रीतसर माफीचा अर्ज लिहिला होता. खाली आपला आज्ञाधारक. त्याखाली, प्रत माहितीसाठी, मुख्य कार्यालय. आणि ती प्रत त्याने खरोखर पाठवली होती, कारण प्रत पाठवली नाही तर तो अर्ज कसला?

"मला वर बोलावलं होतं," फोरमन म्हणाला. "बाहेरून आलेल्या कामगाराला धमकावतो का म्हणून. तीन दिवस शिकवणीला बसवलं, माणसांशी कसं बोलावं त्याच्या. मी आल्या आल्या या सगळ्यांना सांगितलं, त्यांच्या वाटेला जायचं नाही, त्यांना चेष्टा चालत नाही."

"मला वाटलं तुम्हाला मी चालत नाही," तो म्हणाला.

 फोरमनने तो कागद चार घड्या घालून गृहस्थाच्याच एप्रनच्या खिशात घातला.

"उतर खाली, दोन किलो," तो म्हणाला. "काटा न्यायचाय."

बगळ्याने खडू घेतला. फळ्यावर पाचवी ओळ आली : दोन किलो, बहात्तर. गृहस्थ म्हणाला की नाव राहू द्या पण आकडा चूक आहे, मी सत्तर आहे. बगळा म्हणाला की फळ्यावर काट्याने दाखवलं तेच लिहितात, तक्रार असेल तर वर अर्ज कर. म्हणजे आता सोमवारपर्यंत तो बहात्तर होता. दुसऱ्याच्या आकड्यात एक ग्रॅमही खपवून न घेणारा हा माणूस, त्या दोन किलोंच्या चुकीकडे घरी निघेपर्यंत तीन वेळा वळून बघत होता.

संध्याकाळी त्याने दोन घास जास्त खाल्ले. बायकोला सगळं सांगितलं, ती इतकी हसली की आधी शिटी आली आणि मग बोलणं. पण मध्येच ती थांबली आणि म्हणाली, "भावजींनाही तूच असं काही बोलला असशील."

तो नाही म्हणणार होता, पण त्याला आठवलं. इथे आल्यानंतर काही महिन्यांनी दादाने फोनवर विचारलं होतं, काय रे तोळ्या, तिकडच्या वाऱ्याने उडत तर नाहीस ना? त्या दिवशी कारखान्यात हवेबद्दल फार बोलणं झालं होतं. आणि हा कोरड्या आवाजात म्हणाला होता, दादा, मी आता लहान नाही. दादाने बरं म्हटलं होतं. तेवढंच. अडीच वर्षांपूर्वी.

गुरुवार होता, फोनचा वार नव्हता. तरी त्याने लावला. दादा घाबरूनच बोलला, काय म्हणताय, सगळे बरे आहात ना? याने सगळं सांगितलं, पितळी वजनं, बहात्तर, जोडे, खण असा आवाज, अर्ज आणि त्याची प्रत. तिकडे दादा हसू लागला, जुनं हसू, खोकल्यात संपणारं. मग खोकला थांबला.

"म्हणजे," दादा जपून म्हणाला, "चालतं तर तुम्हाला. चेष्टा वगैरे."

 याने आवाज होता होईल तेवढा सरळ ठेवला.

"दादा, अर्ज करू का लेखी?"

 बायको ताट उचलायची थांबून त्याच्या तोंडाकडे बघत होती. मग फोनमध्ये दादा काहीतरी बोलला, थोडंसंच, आणि गृहस्थाने हळूच फोन टेबलावर ठेवला. त्याचे डोळे भरले होते आणि तोंड हसत होतं, दोन्ही एकदम.

"काय म्हणाले?" बायकोने विचारलं.

"मंजूर, तोळ्या, असं म्हणाला," तो म्हणाला.